उसन्या पात्रावरची माझी कथा कुणीतरी ढापली, आता?

रेघोट्या

मंडळी, विचारायला जरा लाज वाटतेय, पण विचारते.

गेली तीन वर्षं मी एका परदेशी फँटसी मालिकेवर मराठीत फॅनफिक (म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यानं लिहिलेली कथा) लिहितेय. मालिकेचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहवत जाईल. मूळ पुस्तकात एक दाई आहे. चार पानांपुरती येते, राजपुत्राचा जन्म होतो आणि लेखक तिला विसरून जातो. मला काही ती विसरता येईना. त्या रात्री ती घरी कशी गेली, तिनं कुणाला काय सांगितलं, काय दडवलं, असं करत करत १४ प्रकरणं झाली. वाचक मोजकेच, पण पुढच्या प्रकरणासाठी मागे लागणारे.

परवा त्यातल्याच एकीनं लिंक पाठवली. कुणीतरी माझी सगळी १४ प्रकरणं आपल्या चॅनेलवर वाचून दाखवली आहेत. शीर्षक बदललंय, माझं नाव कुठेच नाही, मधेमधे जाहिराती. आधी मनाची समजूत घातली की पात्र काही माझ्या मालकीचं नाही, सुचलं असेल दुसऱ्यालाही. मग सहावं प्रकरण ऐकलं. तिथे मी घाईत 'मेणबत्ती मालवली'च्या जागी 'मेणबत्ती मावळली' लिहून बसले होते आणि दुरुस्त करायचं राहूनच गेलं होतं. हे गृहस्थ अगदी गहिवरून वाचतात, "आणि मेणबत्ती... मावळली."

व्हिडिओखाली लिहिलंय: 'सर्व हक्क मूळ निर्मात्यांकडे. कॉपीराइटभंगाचा कोणताही हेतू नाही.' तळपायाची आग मस्तकात गेली. मग सहज स्वतःचं पहिलं प्रकरण उघडलं. वर हीच ओळ. शब्द न् शब्द तीच.

तर, मला तक्रार करता येते का? आणि आली तरी कुठल्या तोंडानं करू?


खटपट्या

चोरावर मोर! (हलके घ्या.)

वाचनखूण साठवली आहे. वकील मंडळी कुठे गेली?


कलम_बावन्न

आलो. वकील आहे पण तुमचा वकील नाही, त्यामुळे याला सल्ला समजू नका, गप्पा समजा.

आधी त्या ओळीचं बघू. 'भंगाचा हेतू नाही' म्हटल्यानं कायद्यात काडीचाही फरक पडत नाही. नुकसानभरपाई ठरवताना हेतूला थोडंफार महत्त्व येऊ शकतं, पण भंग झाला की नाही हे हेतूवर ठरत नाही. श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. दुसऱ्याचं लिखाण स्वतःचं म्हणून खपवणं ही वाङ्मयचौर्याची गोष्ट, ती नीतीची. परवानगीशिवाय वापरणं ही कॉपीराइटची गोष्ट. एक असून दुसरं नसू शकतं. तुमच्या वाचकमहाशयांनी दोन्ही एकाच दमात केलं आहे.

दुसरं, संरक्षण कल्पनेला नसतं, मांडणीला असतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा आर. जी. आनंद वि. डिलक्स फिल्म्स हा निकाल यासाठी सगळे उद्धृत करतात. 'हम हिंदुस्तानी' नावाच्या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की १९५६ चा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचललाय. दोन्हींचा विषय प्रांतीयवाद. कोर्ट म्हणालं, विषय कुणाच्याही बापाचा नाही (हे माझे शब्द), कसोटी एवढीच की दोन्ही पाहिलेल्या माणसाला 'ही तर नक्कलच' असं स्पष्ट वाटतं का. नाटककार हरले.

आता तुमची दाई. पात्रालाही संरक्षण मिळू शकतं, पण ते पुरेसं ठसठशीत रंगवलेलं असेल तर. चार पानांत येऊन गेलेली बाई त्या कसोटीला उतरेलच असं नाही. म्हणजे गंमत बघा, मूळ लेखकानं तिच्यावर जितके कमी कष्ट घेतले, तितकी ती तुमची. पण राजपुत्र, ते राज्य, ती नावं, घटनाक्रम हे सगळं तुम्ही वापरलं असेलच, आणि तिथे तुम्ही परवानगीविना उभ्या आहात.


रेघोट्या

म्हणजे माझं काहीच नाही?


कलम_बावन्न

तसं नाही. तुमची वाक्यं तुमची आहेत. ती मावळलेली मेणबत्ती तर शंभर टक्के तुमची. पण देशोदेशी वेगळं आहे आणि एक निकाल ऐकून ठेवा. अमेरिकेत १९८९ मध्ये अँडरसन वि. स्टॅलोन हा खटला झाला. एका लेखकानं 'रॉकी'च्या चौथ्या भागासाठी ३१ पानी आराखडा आपणहून लिहून दिला. चित्रपट आल्यावर तो म्हणाला, माझी कथा वापरली. कोर्टानं सांगितलं की पात्रं त्यांची, तुम्ही परवानगीशिवाय घेतलीत, त्यामुळे तुमच्या त्या आराखड्याला स्वतःचं असं संरक्षणच नाही. उसन्या जमिनीवर बांधलेलं घर सगळंच गेलं.

तो निकाल सगळीकडे लागू होतो असं नाही, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली आहे. पण मोठ्यांदा भांडायच्या आधी माहीत असलेला बरा.


पुस्तककिडा

तुमच्या दाईची गोष्ट वाचून स्पॅनिश लेखक सर्वांतेसला फोन लावावासा वाटला. त्याच्या 'डॉन किहोते' या कादंबरीचा पहिला भाग १६०५ चा. पुस्तक तुफान चाललं, आणि दुसरा भाग यायच्या आत १६१४ मध्ये आवेल्यानेदा असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी परस्पर 'दुसरा भाग' छापून मोकळा झाला. वर प्रस्तावनेत सर्वांतेसच्या म्हातारपणाची टिंगल. तेव्हा पात्रावर हक्क वगैरे काही नव्हतंच. कॉपीराइटचा पहिला म्हणता येईल असा कायदा इंग्लंडात १७१० साली आला, त्यातही मुदत १४ वर्षं आणि लेखक हयात असेल तर आणखी १४.

मग सर्वांतेसनं काय केलं? १६१५ मध्ये खरा दुसरा भाग काढला. त्यात किहोतेला त्या खोट्या पुस्तकाची खबर लागते. खोट्या पुस्तकात तो सारागोसाला जातो, म्हणून हा हट्टानं तिकडे पाऊलही टाकत नाही, बार्सिलोनाला जातो. आणि खरा कळस शेवटाकडे आहे. आवेल्यानेदानं निर्माण केलेलं एक पात्र, डॉन आल्वारो तार्फे, सर्वांतेस सरळ उचलून स्वतःच्या पुस्तकात आणतो आणि गावच्या अधिकाऱ्यासमोर त्याच्याकडून लेखी घेतो की मी ज्याला भेटलो तो डॉन किहोते हा नव्हे!

चोराच्या घरातून साक्षीदार पळवून आणला. माझ्या मते फॅनफिकला दिलेलं याहून झकास उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.


खटपट्या

हे भारी आहे. रेघोट्या, पंधराव्या प्रकरणात एक गहिवरलेला निवेदक घाला आणि त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र लिहून घ्या.


निवांत_लेखक

इथे सगळा रंग उसनवारीच्या बाजूनं चाललाय म्हणून जरा कडवट बोलतो.

माझी पुस्तकं छापून आली आहेत. फार खपली नाहीत, पण एका कादंबरीतली म्हातारी काही वाचकांच्या मनात बसली. तिला मी शेवटी मारलं. सहा महिने ते पान लिहीत होतो. नंतर कुणीतरी तिला जिवंत करून, तरुण करून, तिचं लग्न लावून दिलेली गोष्ट मला मोठ्या प्रेमानं पाठवली. 'सर, तुम्हाला आवडेल' म्हणून. माझा एक पैसाही बुडाला नाही. कायद्यानं विचारलं तर नुकसान शून्य. पण ती गोष्ट मी आजवर पूर्ण वाचू शकलेलो नाही.

स्वतःची पात्रं निर्माण करा ना. कुणी अडवलंय?


पुस्तककिडा

निवांतकाका, तुमचं दुखणं खरं आहे. पण 'स्वतःची निर्माण करा' म्हणणं सोपं. १९२२ चा 'नोस्फेरातू' घ्या. ड्रॅक्युला या कादंबरीचे हक्क न घेता जर्मनीत चित्रपट काढला. काउंटचं नाव ऑर्लोक केलं, गाव बदललं, आणि श्रेयनामावलीत मात्र स्टोकरच्या कादंबरीचं नाव घेतलं (कलमदादा म्हणतात तेच, श्रेय म्हणजे परवानगी नव्हे). स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिनं वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला आणि १९२५ मध्ये कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून तो चित्रपट आज आपण बघतो.

आणि उन्हाचा किरण अंगावर पडला की व्हँपायर मरतो, हे कुठलं? स्टोकरचं नाही. त्याचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो, फक्त शक्ती कमी होते. ऊन लागून मरणं त्या बेकायदा चित्रपटातून आलं. पुढे सगळ्यांनी तिथून घेतलं. फ्लॉरेन्सबाई कायद्यानं बरोबर होत्या, आणि सगळ्या प्रती जळाल्या असत्या तर ते ऊनही गेलं असतं. दोन्ही मला पटतं, काय करू?


निवांत_लेखक

नवरा मेलेला, हातात त्याचं ते एक पुस्तक. मी तिच्याच बाजूनं. ऊन गेलं असतं तर गेलं असतं.


ताल_बेताल

संगीतवाल्यांकडे हे भांडण सेकंदांवर चालतं.

क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या १९७७ च्या 'मेटाल आउफ मेटाल' या गाण्यामधला दोन सेकंदांचा ठेका १९९७ मध्ये एका जर्मन रॅप गाण्यात फिरवून फिरवून वापरला गेला. १९९९ पासून खटला सुरू. युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, तिथे २०१९ मध्ये असं ठरलं की उचललेला तुकडा (सॅम्पल) कानाला ओळखू येणार नाही इतका बदलला असेल तर चालेल, ओळखू येत असेल तर परवानगी हवी. दोन सेकंदांसाठी वीस वर्षं!

याच्या उलट टोक म्हणजे 'आमेन ब्रेक'. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या गाण्यातला चार आवर्तनांचा, जेमतेम सहासात सेकंदांचा ड्रमचा तुकडा. हजारो गाण्यांत वापरलाय. 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे संगीतप्रकार त्याच्यावरच उभे आहेत, तुम्ही तो नकळत ऐकलेला आहेच. वाजवणारा ग्रेगरी कोलमन. त्याला त्याबद्दल दमडी मिळाली नाही आणि २००६ मध्ये गेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. बँडच्या म्होरक्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली, २४ हजार पाउंडांच्या आसपास जमले.

मी स्वतः सॅम्पल करतो. आमेनही वापरलाय. त्यामुळे 'उसनवारी म्हणजे संस्कृती' वगैरे भाषण माझ्या घशाखाली उतरत नाही.


खटपट्या

पण सात सेकंदांपर्यंत चालतं ना? आमच्या व्हिडिओवाल्या ग्रुपवर सगळे हेच सांगतात. कुणी तीस म्हणतो.


कलम_बावन्न

असा सरसकट नियम आपल्या किंवा अमेरिकेच्या कायद्यात नाही. ना सात, ना तीस, ना 'दहा टक्के बदललं की आपलं'. वर तालभाऊंनी दोन सेकंदांचं काय झालं ते सांगितलंच.

किती घेतलं याच्याबरोबर कशासाठी घेतलं आणि मूळ वस्तूच्या बाजारावर काय परिणाम झाला हे बघतात. अमेरिकेत त्याला फेअर यूज म्हणतात. आपल्याकडे कलम ५२ खाली फेअर डीलिंग, ते जास्त आखूड आहे: खाजगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, बातमी असे ठरावीक हेतू. तरी त्यातही जागा निघते. केरळ उच्च न्यायालयात १९९६ मध्ये सिविक चंद्रन वि. अम्मिणी अम्मा हा खटला झाला. एका गाजलेल्या मल्याळी राजकीय नाटकावर प्रतिनाटक लिहिलं गेलं, त्यातली पात्रं आणि संवाद घेऊन, त्याच नाटकाच्या विचारसरणीची उलटतपासणी करायला. कोर्टानं ते टीका म्हणून मान्य केलं, कारण ते मूळ नाटकाच्या गल्ल्यात हात घालत नव्हतं, त्याच्याशी वाद घालत होतं.

अमेरिकेतली पुढची गोष्ट विरुद्ध दिशेची आहे. लिन गोल्डस्मिथनं काढलेला प्रिन्स या गायकाचा फोटो १९८४ मध्ये एका मासिकानं ४०० डॉलर देऊन फक्त एकदा वापरायला घेतला. चित्रकार अँडी वॉरहॉलनं त्यावरून चित्र केलं, आणि गुपचूप आणखी पंधरा. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर त्यातलंच एक पुन्हा मासिकाच्या मुखपृष्ठावर. वॉरहॉल फाउंडेशनला १० हजार डॉलर, गोल्डस्मिथला काही नाही, साधं नावही नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी तिच्या बाजूनं कौल दिला. शैली बदलली हे खरं, पण दोन्ही चित्रं एकाच कामासाठी विकली जात होती, मासिकात प्रिन्सचा चेहरा छापायला.

रेघोट्या, यात तुमच्या कामाचं काय? तुमच्या कथेत दाई राजघराण्याबद्दल काय म्हणते? मूळ पुस्तकाला प्रश्न विचारत असेल तर तुमची बाजू थोडी भक्कम. नुसतीच आणखी एक साहसकथा असेल तर लंगडी.


रेघोट्या

ती अख्खं बारावं प्रकरण विचारत बसते की राजपुत्राच्या आईचं नाव पुस्तकात कुठेच का नाही. (खरंच नाही.)


कलम_बावन्न

मग बारावं प्रकरण मी फुकट लढेन.


मांगामावशी

जाता जाता, कायद्यापेक्षा 'डोळेझाक' हा शब्द या सगळ्यात जास्त महत्त्वाचा आहे, असं माझं मत.

जपानमध्ये चाहत्यांनी स्वतः काढलेली कॉमिक्स, म्हणजे दोजिन्शी, उघड विकतात. त्यांचा मेळा कॉमिकेट १९७५ मध्ये ३२ गट आणि साधारण ७०० माणसांवर सुरू झाला, आता लाखो लोक येतात. कडक कायद्यानं बघितलं तर त्यातलं पुष्कळसं भंगात मोडेल. पण हक्कदारानं तक्रार केल्याशिवाय पोलीस हात घालत नसत, आणि हक्कदार करत नसत, कारण उद्याचे चित्रकार तिथेच तयार होतात. २०१८ च्या शेवटी कायदा बदलला, काही गुन्ह्यांना तक्रारीची अट काढली, पण दोजिन्शीसारख्या गोष्टींना धक्का लागणार नाही अशी काळजी त्यात घेतली.

झाकलेला डोळा उघडतो कधी? डोरेमॉनचा काल्पनिक 'शेवटचा भाग' एका चाहत्यानं २००५ मध्ये काढला. इतका हुबेहूब आणि इतका हळवा की लोकांना तो खराच वाटायला लागला. सुमारे १३ हजार प्रती खपल्या. मग प्रकाशकानं दटावलं, २००७ मध्ये त्यानं माफी मागितली आणि कमाईतला वाटा दिला. वाईट काढलं असतं तर सुटला असता बिचारा.


ताल_बेताल

+१. नेटफ्लिक्सच्या 'ब्रिजर्टन' मालिकेवरचं म्युझिकल हेच सांगतं. २०२१ मध्ये दोन मुलींनी टिकटॉकवर गंमत म्हणून गाणी टाकली, नेटफ्लिक्सनं कौतुक केलं, अल्बमला २०२२ मध्ये ग्रॅमीसुद्धा मिळालं. जुलै २०२२ मध्ये तिकीट लावून मोठा प्रयोग केला आणि तिसऱ्या दिवशी नेटफ्लिक्सचा दावा दाखल. सप्टेंबरात मागेही घेतला. तिकीटखिडकी उघडली की डोळे उघडतात.


पुस्तककिडा

आणि कधीकधी चाहत्याचेच मिटतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनच्या पुस्तकांचा एका चाहत्यानं स्वतःच पुढचा भाग लिहून विकायला काढला, आणि २०२३ मध्ये टोल्किन इस्टेट (हक्क सांभाळणारी संस्था) व अॅमेझॉनवर दावा ठोकला की तुमच्या मालिकेत माझं चोरलंत. मागितले २५ कोटी डॉलर. दावा फेटाळला गेला. इस्टेटनं उलटा दावा केला, त्यात चाहत्याच्याच पुस्तकाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश आणि वर सुमारे १ लाख ३४ हजार डॉलर वकिलांचा खर्च. रेघोट्या, तेवढं मात्र करू नका.

अवांतर: शेरलॉक होम्सच्या लेखकाच्या वारसांनी २०२० मध्ये दावा केला होता की होम्स बुद्धिमान आहे हे सगळ्यांचं, पण त्याला भावना आहेत हे आमचं. का, तर तो हळवा झाला त्या शेवटच्या कथांचे हक्क तेव्हा अमेरिकेत शिल्लक होते. प्रकरण त्याच वर्षी परस्पर मिटलं. त्या कथाही २०२३ पासून मुक्त झाल्या, तेव्हा आता होम्सला रडवायला हरकत नाही.


कलम_बावन्न

आता कामाचं. त्या व्हिडिओवर तुम्ही हटवण्याची नोटीस देऊ शकता. मंच अमेरिकी कायद्याखाली चालतो, तिथे १९९८ पासून ही पद्धत आहे. नोटीस नीट असेल तर व्हिडिओ उतरतो. समोरच्यानं प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर कामाच्या १० ते १४ दिवसांत तो परत चढतो.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. नोटिशीत खरं नाव आणि संपर्क लागतो, आणि तो त्या माणसापर्यंत पोहोचू शकतो. तुम्ही इथेही टोपणनावानं वावरता. शिवाय 'हे माझं आहे' असं लेखी देताना मूळ लेखकाच्या प्रकाशकाचं लक्ष तुम्ही स्वतःकडे ओढून घेताय. मी असतो तर आधी त्या गृहस्थांना साधं पत्र लिहिलं असतं.


निवांत_लेखक

पत्राला माझाही पाठिंबा. माझ्या म्हातारीचं लग्न लावणाऱ्याला मी कधी उत्तरच दिलं नाही, ते चुकलं असं वाटतं अधूनमधून.


रेघोट्या

अपडेट देते. पत्र लिहिलं, अगदी चार ओळींचं. दोन दिवसांनी उत्तर आलं.

त्यांना माझी कथा कुणीतरी पुढे ढकललेल्या पीडीएफमधून मिळाली होती, त्यात नाव नव्हतं. पाठवलेली पीडीएफ बघितली, खरंच नाही. पहिलं पानच गळलंय. शीर्षक गळलं म्हणून त्यांनी आपलं दिलं. शोधायला हवं होतं हे त्यांनी मान्य केलं. मी सांगितलं की व्हिडिओ राहू द्या, नाव घाला आणि जाहिराती काढा. जाहिरातींबद्दल ते जरा कुरकुरले, मग मी त्यांना ब्रिजर्टनची गोष्ट सांगितली. नाव सगळीकडे आलंय, जाहिराती नऊ भागांवरच्या गेल्यात, पाचांवर अजून आहेत. मागे लागलेय.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, "सहाव्या प्रकरणातलं 'मेणबत्ती मावळली' काय सुचलंय हो तुम्हाला! ऐकणाऱ्यांना तेच सगळ्यात आवडलं. हा शब्द कसा सुचला?"

याचं उत्तर अजून दिलेलं नाही.


खटपट्या

सांगा की बऱ्याच चिंतनानंतर सुचला. पंधरावं कधी?


रेघोट्या

शनिवारी. शुद्धलेखन कुणी तपासू नका.